विंडोज ११ घेण्याआधी संगणकावरचे काम तपासा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

महोदय,

विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. दिवाळी आठवड्यावर आलेली होती, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील दूध संस्थांचे सचिव सभासदांच्या फरक बिलाच्या, म्हणजे दुधाच्या वाढीव रकमेच्या, हिशेबात गुंतले होते आणि छापखान्यांत कामांची गर्दी होती. साहजिकच बहुतेकांनी हा विषय दिवाळीनंतरवर ढकलला आणि पुढे तो तसाच राहून गेला. राजारामपुरीत राहून मी अनेक वर्षे छोट्या छापखान्यांच्या, पतसंस्थांच्या आणि गावोगावच्या दूध संस्थांच्या संगणकांची देखभाल करतो. विंडोज ११ वर जावे की नाही, हा प्रश्न आज मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तरापेक्षा धास्तीच अधिक असते. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

सध्या दोन परस्परविरोधी समज पसरलेले आहेत. जुनी प्रणाली आता बंद पडणार, तेव्हा संगणक ताबडतोब बदला, असे विक्रीच्या घाईत असलेले काही जण सांगतात. तर आमचा संगणक अजून व्यवस्थित चालतो, तेव्हा काहीच करण्याची गरज नाही, असे वापरणारे म्हणतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. मुदत संपल्यावर संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, हिशेबाचे टॅली उघडते, छपाई होते. फक्त यापुढे सापडणाऱ्या त्रुटी त्यात मोफत बुजवल्या जात नाहीत. विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्या अंतरंगाचा मोठा भाग समान असल्याने, नव्या प्रणालीसाठी दर महिन्याला प्रसिद्ध होणारी दुरुस्ती पाहून जुन्या प्रणालीतील कच्ची जागा कोणती, हे जाणकार हल्लेखोराला शोधता येते. म्हणजे धोका त्या एका तारखेला आला आणि थांबला असे झालेले नाही. तो महिन्यागणिक साचत जातो.

या संदर्भात मे २०१७ मधील वॉनाक्रायची आठवण ठेवावी असे मला वाटते. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या त्या प्रोग्रॅमने जगभरातील संगणक ठप्प केले, ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेली होती. बाधितांमध्ये बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते आणि विंडोज ७ ला तर जानेवारी २०२० पर्यंत दुरुस्त्या मिळणार होत्या. मुदत शिल्लक असूनही ते सापडले, कारण उपलब्ध दुरुस्ती कोणी बसवलीच नव्हती. विंडोज ११ घेऊन त्याचे अपडेट, म्हणजे याच दुरुस्त्या, बंद करून ठेवणाऱ्या कार्यालयांनी हे ध्यानात घ्यावे. नेट संपते किंवा संगणक मध्येच रीस्टार्ट होतो, या कारणांसाठी अपडेट बंद केलेली कार्यालये मी नित्य पाहतो, आणि त्यांच्या दृष्टीने नव्या प्रणालीवरचा खर्च जवळपास वाया गेलेला असतो.

आता यंत्राच्या पात्रतेविषयी. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, संगणक सुरू होतानाच तपासणी करणारी सिक्युअर बूट ही सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते; इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासून बाजारात आलेल्यांपैकी असावा लागतो. कागदावर ४ जीबी पुरेशी असली तरी प्रत्यक्ष कामासाठी ८ जीबी रॅम आणि एसएसडी ही वेगवान डिस्क यांच्याशिवाय मी कोणालाही पुढे जाण्याचा सल्ला देत नाही. आपल्या शहरात यासंबंधी एक वेगळीच परिस्थिती आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर या भागांतील अनेक दुकानांत आणि कार्यालयांत पाणी शिरले आणि यंत्रे बदलावी लागली. त्या वेळी ज्यांनी कोरी यंत्रे घेतली, त्यांची यंत्रे बहुधा पात्र असतात. ज्यांनी पैशांअभावी वापरलेली यंत्रे घेतली, त्यांच्याकडे त्याहून बरीच जुनी यंत्रे असण्याचा संभव असतो. त्यामुळे खरेदीचे वर्ष पाहून निष्कर्ष काढू नये. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन काही मिनिटांत उत्तर देते. ते नकार देत असेल तरी लगेच निराश होऊ नये, कारण कित्येक मदरबोर्डमध्ये टीपीएमची सोय असूनही ती बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते आणि ती चालू केल्यावर तेच यंत्र पात्र ठरते. अशा वेळी नव्या यंत्राचे कोटेशन मागवण्याची गरज राहत नाही.

अपात्र यंत्रावर पात्रतेची तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देणारेही बाजारात आहेत. घरी प्रयोग म्हणून कोणी ते केले तर माझी हरकत नाही. परंतु अशा यंत्राला पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या संगणकावर लोकांच्या ठेवींचा हिशेब आहे, तेथे ही पळवाट स्वीकारणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

तथापि माझा मुख्य मुद्दा यंत्राचा नाही. कोल्हापुरात निर्णय अडतो तो त्या यंत्रावर चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरपाशी, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. कितीतरी छोट्या संस्थांमध्ये फार पूर्वी कोणीतरी करून दिलेले डॉस या विंडोजपूर्व प्रणालीवरचे किंवा फॉक्सप्रो या जुन्या साधनात लिहिलेले हिशेबाचे प्रोग्रॅम आजही चालतात. ते ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या, विंडोजवर चालू शकत होते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळते आणि त्यावर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्ससारख्या साधनाच्या आधाराने काही प्रोग्रॅम चालवता येतात, पण रोजच्या छपाईला आणि एकापेक्षा अधिक संगणकांवरून होणाऱ्या नोंदींना त्यात अडचणी येतात. प्रोग्रॅम लिहून देणारा माणूस पुष्कळदा पुण्याला गेलेला असतो किंवा त्याने तो व्यवसायच सोडलेला असतो. अशा संस्थेने प्रणाली बदलली आणि दुसऱ्या दिवशी दहा दिवसांचे दूध बिल निघाले नाही, तर दोष विंडोजचा नसून ठराव करणाऱ्या संचालक मंडळाचा असेल.

जुन्या उपकरणांच्या ड्रायव्हरचे, म्हणजे उपकरण संगणकाशी जोडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचेही तसेच आहे. पावत्या छापणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, संगणकाला जोडलेली फॅट तपासणीची यंत्रे, वजनकाटे, सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला जोडून ठेवावी लागणारी, त्यासोबत आलेली लॉक, डिजिटल सहीचे टोकन या प्रत्येकाला ६४ बिटचा, डिजिटल सही असलेला ड्रायव्हर लागतो. नामांकित कंपन्यांच्या चालू मॉडेलांसाठी तो मिळतो. उत्पादन थांबलेल्या वस्तूंसाठी मिळेलच असे नाही. म्हणून मी प्रत्येक संस्थेला प्रथम एका कागदावर संगणकाला जोडलेली सर्व उपकरणे आणि त्यावरची सर्व सॉफ्टवेअर लिहून काढायला सांगतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते सचिवांनी स्वतः करावे लागते, कारण वर्षातून एकदाच लागणारे सॉफ्टवेअर कोणते, हे बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाला कळत नाही.

छापखान्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि माझ्या मते त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. शहरातील जॉब प्रेस आणि डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची मांडणी, करणाऱ्यांकडे अनेक वर्षांच्या लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, गौरव अंक आणि गावांचे इतिहास पेजमेकर व कोरल या त्यासाठीच्या सॉफ्टवेअरच्या फायलींत साठलेले आहेत. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये आली. त्यानंतर अॅडोबीने तिचा विकास पुढे नेला नाही. या फायलींतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नाही. तो त्या काळच्या खास फॉन्टमध्ये बसवलेला आहे आणि तो फॉन्ट काढला की पडद्यावर केवळ रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. जुने ट्रूटाइप फॉन्ट विंडोज ११ वर सहसा बसतात. अडचण येते ती मराठी टंकलेखनाच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरची आणि त्याच्या लॉकची, म्हणजे फाईल दिसते, परंतु तीत दुरुस्ती करता येत नाही. यासाठी दोन गोष्टी तातडीने कराव्यात. जतन करण्यासारखा मजकूर आत्ताच, जुने यंत्र चालू असताना, युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासून ठेवावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात व ते मूळ पानाशी ताडून पाहावे लागतात. तसेच त्या पानांच्या पीडीएफ प्रती काढून ठेवाव्यात. एखाद्या तालमीचा किंवा गावच्या संस्थेचा शंभर वर्षांचा इतिहास केवळ एका बंद पडत आलेल्या लॉकवर अवलंबून असणे ही मला फार अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते. नव्या कामासाठी विंडोजमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट आणि २०१९ पासून उच्चारानुसार टंकण्याचा फोनेटिक कळफलक आधीच दिलेला आहे, त्याला वेगळा खर्च नाही.

तत्काळ बदल शक्य नसेल त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्त्या देण्याची योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्ज साठवण्याची तयारी असल्यास त्यासाठी पैसे लागत नाहीत, अन्यथा ३० डॉलर भरण्याचा पर्याय आहे. ही सवलत व्यावसायिक वापरासाठी नाही. संस्थांसाठीचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर असून तो दर वर्षी दुप्पट होतो. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात, आणि दुसऱ्या वर्षी सामील होणाऱ्याला पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. जुन्या यंत्रावर इतका खर्च करण्यापेक्षा नवे यंत्र घेणे बहुतेक ठिकाणी शहाणपणाचे ठरेल; मात्र सॉफ्टवेअर बदलण्यासाठी एक वर्षाची उसंत हवी असल्यास पहिल्या वर्षाचे शुल्क भरणे मी समर्थनीय मानतो.

शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या यंत्राला कायमचा जोडलेला आणि केवळ तेच काम करणारा संगणक असेल, तर त्याला हात लावण्याची घाई करू नये. त्याची इंटरनेटची वायर काढावी, कार्यालयाच्या नेटवर्कपासून तो वेगळा ठेवावा आणि त्याच्यासाठी एक स्वतंत्र पेनड्राइव्ह राखून ठेवावा, जो अन्यत्र तपासल्याशिवाय त्यात घातला जाणार नाही. वाचनालये, अभ्यासिका आणि शाळा यांच्या अपात्र यंत्रांवर उबुंटू, मिंट किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही लिनक्स प्रणाली विनामूल्य बसवता येते. टॅली आणि कोरल मात्र त्यावर थेट चालत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रत्यक्ष बदल करताना होणाऱ्या नुकसानीविषयीही लिहिले पाहिजे. विंडोज ११ नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्ट खाते मागितले जाते आणि त्या खात्याने प्रवेश केल्यावर अलीकडच्या आवृत्त्यांत डिस्क आपोआप कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, होऊ शकते. तिची पुनर्प्राप्ती किल्ली ज्या खात्याने प्रवेश केला त्याच खात्यात साठते. दुरुस्ती करणाऱ्याने घाईत स्वतःच्या किंवा तात्पुरत्या ईमेलने खाते उघडले, तर पुढे मदरबोर्ड बिघडल्यावर मालकाला स्वतःचीच माहिती मिळत नाही. तेव्हा खाते संस्थेच्याच ईमेलने उघडावे आणि किल्ली छापून दप्तरात ठेवावी. बॅकअप दोन ठिकाणी घ्यावा व त्यातील एक इमारतीबाहेर असावा. पूरग्रस्त भागातील व्यापाऱ्यांना हे समजावण्याची गरज नाही. बॅकअपमधील फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय तो झाला असे समजू नये. विंडोज १० वरूनच थेट ११ वर गेल्यास पहिल्या दहा दिवसांत मागे फिरण्याची सोय असते, त्यामुळे त्या मुदतीत वर्षातून एकदा लागणारी कामेसुद्धा एकदा चालवून पाहावीत.

पतसंस्था आणि दूध संस्थांच्या संचालक मंडळांना माझी विनंती आहे की, यंत्रांचे कोटेशन मागवण्यापूर्वी त्यांनी आपल्या सॉफ्टवेअर पुरवठादाराकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: सध्याची आवृत्ती ६४ बिटच्या विंडोज ११ वर चालते का, आणि चालत नसेल तर जुनी सर्व माहिती नव्या आवृत्तीत कोण, किती दिवसांत व किती रकमेत आणून देणार. वार्षिक देखभालीच्या करारात हे कलम असावे. पुरवठादारांनीही केवळ तोंडी आश्वासनावर वेळ मारून नेऊ नये. जुनी यंत्रे भंगारात किंवा बदल्यात देताना त्यातील डिस्क काढून घेऊन ती पूर्णपणे पुसावी किंवा नष्ट करावी, कारण तीवर सभासदांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि सह्यांचे नमुने असतात.

वेळेचाही विचार व्हावा. मार्चअखेर, लेखापरीक्षण आणि सप्टेंबरअखेर व्हायची वार्षिक सभा यांच्या गर्दीत हे काम काढू नये. पतसंस्थांनी सभा आटोपल्यानंतरचा काळ निवडावा. दूध संस्थांनी दहा दिवसांचे बिल वाटप झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एका यंत्रावर बदल करावा, पुढील बिल जुन्या आणि नव्या अशा दोन्ही यंत्रांवर काढून आकडे जुळतात का ते पाहावे आणि मगच उरलेली यंत्रे हाती घ्यावीत.

आपला विश्वासू,
एक संगणक देखभाल व्यावसायिक
राजारामपुरी, कोल्हापूर