सूचना : अंगाच्या वासाच्या तक्रारी आणि शनिवारची बैठक

सर्व सभासदांना नमस्कार.

परवा दुसऱ्या पाळीत एका सहकाऱ्याच्या लॉकरवर साबणाची वडी आणि टोमणा लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली सापडली. हा प्रकार पुन्हा होता कामा नये. शेजारच्या मशीनवर पाळीभर उभं राहणाऱ्याला वासाचा त्रास होतो, हे आम्हाला मान्य आहे. पण माणसाला चारचौघांत लाजवायचं नाही.

या विषयावर शनिवारी दुपारी ३.३० वाजता कँटीनमध्ये बैठक आहे. दोन्ही पाळ्यांच्या सुपरवायझरनी यायचंच आहे.

तोपर्यंत :

• ग्रुपवर कोणाचं नाव, फोटो किंवा आडून बोलणं नको.

• तक्रार फक्त कल्याण समितीच्या सदस्याला सांगा. संबंधितांशी एकच जण, बाजूला घेऊन बोलेल. महिलांशी महिला सदस्यच बोलतील.

• बोलताना आधी कारण विचारायचं. ताज्या घामाला फारसा वास नसतो, त्वचेवरच्या जिवाणूंमुळे तो येतो. काहींना आजारामुळे किंवा औषधांमुळे रोज आंघोळ करूनही येतो. कोणाच्या खोलीवर पाणीच एक दिवसाआड येत असेल, तर नुसत्या उपदेशाचा काय उपयोग?

• पावसाळ्यात गणवेश वाळत नाही आणि पॉलिएस्टर वास धरून ठेवतं. ज्यांच्याकडे एकच जोड आहे त्यांनी समितीकडे नाव द्यावं.

धुण्याची पुरेशी सोय देणं १९४८च्या कारखाना कायद्यापासून मालकाची जबाबदारी आहे. तुमच्या विभागातले बंद नळ आणि मोडक्या कड्या लिहून आणा, ती यादी बैठकीतच व्यवस्थापनाकडे द्यायची आहे.

— कामगार कल्याण समिती