ताई, वॉर्डातल्या इंग्रजीबद्दल

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

वॉर्डातलं इंग्रजी शिकवलंत म्हणून फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच 'जेवलीस का' म्हणून विषय बदलता. म्हणून लिहूनच टाकते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. नर्सिंग करून इंग्लंडला यायच्या तयारीत असलेल्या आपल्याकडच्या मुलींच्या हाती हे पडलं तर त्यांचं भलंच होईल. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

नॉटिंगहॅमला आले तेव्हा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल माझ्या पर्समध्ये होता. इथल्या नर्सिंग कौन्सिलला लागतात तसे ऐकणं, वाचणं, बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5. त्या गुणांसाठी मी प्रदूषणावर निबंध लिहिले होते, आलेखांची वर्णनं घोटली होती. वॉर्डातल्या आजीबाईंना प्रदूषणाचं काही पडलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, 'आय नीड टू स्पेंड अ पेनी, डक.'

डक म्हणजे मी. या भागात बसचा ड्रायव्हरसुद्धा अनोळखी माणसाला प्रेमाने 'मी डक' (म्हणजे 'माय डक') म्हणतो. आणि पेनी खर्च करायची म्हणजे लघवीला जायचं. पूर्वी सार्वजनिक संडासाच्या कुलपात पेनी टाकल्याशिवाय दार उघडत नसे, त्यावरून आलेलं. हे सगळं तुम्ही माझ्या हातात बेडपॅन देता देता सांगितलंत, आजीबाईंना कळूही न देता.

मग रोजच भर पडत गेली. 'पूर्ली' म्हणजे आजारी. 'आय हॅव बीन सिक' म्हणजे बहुतेक वेळा उलटी झाली, तेव्हा आधी किती आणि कुठल्या रंगाची ते विचार. 'वॉटरवर्क्स'ची तक्रार म्हणजे लघवीची. मला तर नगरपालिकेचं पाणी खातंच आठवलं. 'पिन्स अँड नीडल्स' म्हणजे मुंग्या. आणि 'फनी टर्न'. त्यात हसण्यासारखं काही नसतं, हे तुम्ही बजावून सांगितलंत. माणसाला अचानक गरगरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, कदाचित शुद्धही हरपली. कोणी हा शब्द उच्चारला की आडवं असताना आणि उभं केल्यावर बीपी बघ, साखर तपास, ईसीजीचं डॉक्टरांना विचार. कुठल्याही क्लासात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पण ज्याच्यासाठी तुमचे पाय धरावेत ते वेगळंच आहे. या जिल्ह्यातली शेवटची कोळशाची खाण 2015 मध्ये बंद झाली, पण खाणीत उतरलेली पिढी अजून वॉर्डात येते. त्यातलेच एक आजोबा, खुब्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. 'कसं वाटतंय?' विचारलं तर म्हणाले, 'कान्ट ग्रम्बल. बिट सोअर.' मी तसं लिहायला घेतलं. तुमचं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. पलंगाचा कठडा इतका घट्ट धरलेला, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तुम्ही शांतपणे विचारलंत, 'आत्ता कुशीवर वळायला सांगितलं तर दहापैकी किती दुखेल?' आजोबा जरा थांबले आणि म्हणाले, 'आठ.' आपल्याकडे दहापैकी तीन दुखलं तरी 'मेलो गं आई' ऐकायची कानाला सवय. इथे 'बिट' आणि 'नॉट टू बॅड' यांच्या आड काय दडलंय ते हुडकून काढावं लागतं. शब्द कानाने आणि अर्थ डोळ्यांनी, असं काम आहे हे.

दुसरी गोष्ट 'प्लीज'ची. इथे येऊन आपल्या मुली उर्मट ठरतात, आणि का ते त्यांना कळतच नाही. तुम्ही चहा पिता पिता उलगडून सांगितलंत: मराठीत मान क्रियापदातच असतो. 'बसा', 'घ्या', 'द्याल का' म्हटलं की झालं, वर काही लावावं लागत नाही. इंग्रजी क्रियापदात ती सोयच नाही, म्हणून आदर बाहेरून आणावा लागतो: 'वुड यू', 'कुड यू', 'जस्ट', 'फॉर मी'. त्यातच तो 'पॉप'. 'कॅन यू जस्ट पॉप युअर आर्म आऊट फॉर मी?' पहिल्यांदा पोरकट वाटतं. आता माझ्या तोंडून आपसूक निघतं आणि रक्त काढताना घाबरलेला माणूस निमूट हात पुढे करतो.

आपल्या दवाखान्यातलं इंग्रजी सोडायलाही तुम्हीच लावलंत. 'ओटी' म्हटलं की इथे ऑपरेशन थिएटर नाही, ऑक्युपेशनल थेरपिस्ट समजतात. 'सिस्टर' हे वरचं पद आहे, दिसेल त्या नर्सला म्हणायचं नाही. 'एक्स्पायर' दूध होतं. माणूस गेला तर 'डाइड' म्हणावं, नातेवाइकांशी सरळ बोलावं.

आणि ती वही. नुसता शब्द आणि अर्थ लिहिलेलं तुम्हाला चालत नसे. अख्खं वाक्य, कोण बोललं, कशावरून बोललं, हे सगळं देवनागरीत, कानावर पडलं तसं. 'नेश: खिडकी बंद करा म्हणणाऱ्या नवऱ्याला बायको म्हणाली. थंडी न सोसणारा.' 'मार्डी: जेवण परत पाठवणाऱ्याबद्दल शेजारच्या बेडवरची बाई. फुरंगटलेला.' नवीन वाक्य पुढच्या शिफ्टमध्ये एकदा तरी स्वतः वापरायचं, नाहीतर ते वहीतच मरतं, असं तुमचं म्हणणं. कळलं नाही तर मान डोलवायची नाही, 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' विचारायचं, हा नियम मात्र सगळ्यांत जड गेला. लाज वाटायची. पण म्हातारी माणसं उलट खुलतात असा अनुभव आला. शब्द समजावताना दुखणं विसरतात आणि जाता जाता खरी तक्रारही सांगून टाकतात.

तुम्ही डर्बीला बदली घेतल्यापासून वॉर्डात मराठी बोलायला कोणी नव्हतं. गेल्या महिन्यात दोघी आल्या, एक नागपूरची, एक रत्नागिरीची. दोघींना वह्या घेऊन दिल्या आहेत. रत्नागिरीच्या मुलीने काल विचारलं, 'आय अॅम नॉट बीइंग फनी, बट' असं एक बाई म्हणाल्या आणि मग पाच मिनिटं नुसती तक्रार करत होत्या, हे काय? मी सांगितलं, हे ऐकलं की कंबर कसायची, पुढे बोलणी येणार आहेत. पण त्या वेळी तोंडाने नेमकं काय म्हणायचं हे मलाही नीट जमत नाही. रविवारी फोन करते, तेव्हा तेवढं सांगा. आणि हो, मी जेवलेली असेन.

तुमची,
नाइट ड्यूटीवाली सोलापूरकरीण