सगळ्यात शेवटी चालणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फेरी छान झाली की कौतुक पुढे चालणाऱ्याचं होतं. झाडांची नावं तो सांगतो, पक्षी तो दाखवतो, फोटोतही तोच असतो. पण उपनगरातल्या बागा आणि राखीव वनांमधून वीस-पंचवीस जणांना दोन-अडीच तास फिरवायचं आणि जितके आत गेले तितकेच बाहेर आणायचे, हे काम मागचा माणूस करतो. आमच्याकडे ते तुम्ही करता. पत्र उघड लिहितोय ते अशासाठी की, नव्याने फेऱ्या काढणाऱ्यांना तुमची रीत कळावी.

आधी शिरगणतीबद्दल. निघताना, स्वच्छतागृहाच्या थांब्यानंतर, प्रत्येक मोठ्या फाट्यावर आणि बाहेर पडताना, एवढ्या वेळा ती व्हायलाच हवी. डोंगरातल्या ट्रेकपेक्षा उपनगरातल्या बागेत माणसं मोजणं कठीण, कारण इथे दारं फार. कुणी उशिरा येऊन मधेच मिळतो, कुत्रा फिरवणारा एखादा रांगेत मिसळतो, आणि कुणी घर जवळ आलं म्हणून बाजूच्या फाटकातून गुपचूप सटकतो. मग उरलेले सगळे त्याला झुडपांत शोधत बसतात. ‘जायचं असेल तर मागच्या माणसाला सांगून जा’ हा तुमचा नियम म्हणूनच पक्का आहे. पुढच्याला सांगितलेलं मागे पोचेलच असं नाही, मागच्याला मात्र जाणारा डोळ्यांसमोर दिसतो. मोजणी दोघांनी करायची, एकाने पुढून आणि एकाने मागून, आणि आकडा दोघांनी एकदम बोलायचा, हेही तुमचंच. एकाने आधी ‘तेवीस’ म्हटलं की दुसऱ्याचेही हमखास तेवीसच भरतात.

दुसरे आभार त्या फाटकांसाठी. सायकली आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून बसवलेलं अरुंद फिरतं फाटक एका माणसाचे आठ-दहा सेकंद खातं. चोवीस माणसं म्हणजे चार मिनिटं. पुढचा ताशी ४ किलोमीटरने चालत राहिला, तर तेवढ्यात तो अडीचशे मीटरवर गेलेला असतो. मागचे धापा टाकत त्याला गाठतात, आणि ते पोचताक्षणी ‘चला, आले सगळे’ म्हणून रांग पुन्हा निघते. ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. त्यावर तुम्ही लावलेली शिस्त अशी: पुढच्याने फाटकाच्या तोंडाशी थांबायचं नाही, तीस-चाळीस मीटर पुढे, वाट रुंद आहे तिथे थांबायचं, तुमचा हात वर झाला की त्यानंतर दोन मिनिटं मोजायची आणि मगच पाऊल उचलायचं. फाट्यावर पुढून दुसऱ्या क्रमांकाचा माणूस खांबासारखा उभा राहतो आणि तुम्ही पोचेपर्यंत हलत नाही. शिट्ट्या आणि हाकांपेक्षा हे बरं, राखीव वनात आरडाओरडा नकोच.

वेळेच्या हिशेबावरही तुमच्यामुळेच वाद थांबला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेल्या नियमात सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर धरले आहेत. तो हिशेब धडधाकट माणसाचा आणि न थांबता चालण्याचा. अळंबी बघत, दुर्बीण फिरवत जाणाऱ्या मिश्र वयाच्या गटाला थांब्यांसकट ताशी ३ किलोमीटरच धरावेत. सहा किलोमीटरला दोन तास. फाटकं बंद व्हायच्या वेळेआधी अर्धा तास हाताशी ठेवायचा, कारण दाट झाडीखाली अंधार मोकळ्या मैदानापेक्षा लवकर पडतो. कुठलं फाटक किती वाजता बंद होतं, हे आदल्या पाहणीत पाटीवर वाचून टिपून ठेवायचं.

आता तुमच्या कमरेच्या पाऊचबद्दल. त्यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे कापडी चिकटपट्टी. टाचेला चुरचुरायला लागलं, म्हणजे त्वचा नुसती लाल झाली, फोड अजून आलेला नाही, तेव्हाच थांबवायचं. मोजा काढायचा, टाच पूर्ण कोरडी करायची, पट्टीचे कोपरे गोल कापून ती सुरकुती न पडू देता लावायची. चौकोनी कोपरे मोज्याला अडकून उलटतात, आणि ओल्या त्वचेवर पट्टी दहा मिनिटंही टिकत नाही. लोक लाजेने सांगत नाहीत, ‘होईल बरं’ म्हणत लंगडतात. मागून चालताना ते लंगडणं दिसतं. पुढून दिसायचं कारणच नाही.

तीच पट्टी तळ सुटलेल्या बुटांनाही लागते. कपाटात वर्षानुवर्षं जपून ठेवलेले बूट फेरीच्या दिवशी काढले की पहिल्या तासात तळ भुगा होऊन पडतो. घालणाऱ्याला वाटतं, कंपनीने फसवलं. पण तळातला पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा, मधला थर हवेतल्या ओलाव्याने आतून विघटित होत जातो. बूट वापरला नाही म्हणून तो वाचत नाही. निघण्यापूर्वी बूट हातात धरून जरा जोराने वाकवून बघायचा, कडेला अंगठ्याने दाबायचं. तडे दिसले किंवा भुकटी निघाली, तर तो घालून यायचंच नाही. वाटेतच तळ सुटला, तर पुढच्या चवड्यापाशी पट्टीचे चार-पाच घट्ट वेढे द्यायचे. ते डांबरी रस्त्यापर्यंत पुरतात, पुढे नाही.

चिखलाबद्दल तुम्ही सगळ्यांची बोलणी खाल्लीत, तरी हेका सोडला नाहीत, म्हणून हेही लिहायला हवं. डबकं आलं की रांग कडेच्या गवतावरून वळसा घेते. पंचवीस माणसांनी कड तुडवली की माती दबते, गवत मरतं, पुढच्या गटासाठी कड आणखी बाहेर सरकते, आणि एक माणूस जाईल एवढी पायवाट बैलगाडी जाईल एवढी होते. तेव्हा मधूनच जायचं. बूट धुता येतात. लाकडी फळ्यांच्या वाटेवर ओलं शेवाळ असेल, तर खिळ्यांच्या ओळीवर पाय टाकायचा. खाली तुळई असल्याने फळी तिथे लवत नाही. पावलं आखूड ठेवायची.

विजांच्या बाबतीत तुमचा शब्द अखेरचा मानायचा, असं आता ठरलंच आहे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर फेरी तिथेच बंद. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, एकट्या झाडाखाली किंवा उघड्या छपरीत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुढच्याला तेव्हा ‘थोडंच राहिलंय’ असं वाटत असतं. त्याचं ऐकायचं नाही.

पुढच्या फेरीपासून दोघे नवे जण आळीपाळीने तुमच्याबरोबर मागे चालतील. त्यांच्यासाठी दुसरा पाऊच भरला आहे: पट्टी, गोल टोकाची कात्री, दोन नाड्या, गोचीड काढायचा बारीक चिमटा, शिट्टी, हातमोजे. काही राहिलं असेल तर निघायच्या आधी सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पुढे चालणारे