डॉक्टर, मोजे तुम्ही काढलेत

डॉक्टर,

तपासायच्या टेबलावर मला वाकून मोजे काढता येईनात. नर्सला हाक न मारता तुम्हीच गुडघ्यावर बसलात, दोन्ही मोजे काढलेत आणि पायाच्या अंगठ्यावर थरथरणारा धातूचा ट्यूनिंग फोर्क टेकवलात. "थरथर थांबली की सांगा." मी विचारलं, "सुरू कधी झाली?" तुम्ही हसला नाहीत. फोर्क घोट्यावर, मग गुडघ्यावर, मग कमरेच्या हाडावर टेकवत गेलात. तिथे कुठे ती जाणवली.

मेंदूभोवती रक्तस्राव झाला तेव्हा फुटलेली रक्तवाहिनी कॉइल घालून बंद केली आणि मी वाचले. ज्यांनी वाचवलं त्यांचे उपकार आहेतच. पण सव्वा वर्षाने पाय बधिर व्हायला लागले. पायाखाली गादी अंथरल्यासारखं वाटायचं, पाठीत आग व्हायची, आणि साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावं लागायचं. चार ठिकाणी गेले. सगळ्यांनी मेंदूचाच एमआरआय पाहिला, तो नॉर्मल! एका महाशयांनी तर खुर्चीतून न उठता निदान केलं: "एवढ्यातून वाचलात, आता मनाला लावून घेऊ नका." वर झोपेची गोळी. माझ्या पायांकडे मात्र एकानेही पाहिलं नाही.

तुम्ही पूर्ण मणक्याचा एमआरआय सांगितलात. मग कागदावर चित्र काढून समजावलंत, की मेंदूभोवतीचं पाणीच खाली मज्जारज्जूभोवती उतरतं. त्या वेळचं रक्तही तसंच उतरलं, आवरणाला सूज आली आणि ते आतल्या आत चिकटत गेलं. ॲरॅक्नॉइडायटिस. रक्तस्रावानंतर क्वचितच होतो, पण होतो, आणि कधी वर्षांनीही कळतो. माझ्या पाठीत तर अडलेल्या पाण्याची पिशवी होऊन ती मज्जारज्जू दाबत होती. मी रडले, ते घाबरून नाही. माझ्या त्रासाला नाव होतं म्हणून.

ऑपरेशनआधी तुम्ही स्पष्ट म्हणालात, "दाब कमी होईल, बधिरपणा सगळा जाईल असं नाही. पुन्हा चिकटूही शकतं." गोड बोलणारे खूप भेटले होते, मला हे खरं बोलणं हवं होतं. आज काठी घेऊन चालते. आग बरीच कमी आहे, अंगठे अजून मुकेच.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मोजे परत घातलेतही तुम्हीच. उजव्याची टाच वर आली होती. मला कुठलं कळायला, घरी मुलीने दाखवलं. मी तो तसाच ठेवला, रात्रीपर्यंत.