चौथ्या सेममधलं मेडकेम: मित्रास पत्र

पुणे,
१० जानेवारी

प्रिय संज्या,

तुझं पत्र मिळालं. डी.फार्म. करून थेट बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आलास, तिसरी सेम (सेमिस्टर) रेटून नेलीस आणि आता मेडिसिनल केमिस्ट्री-१ चा (औषधांचं रसायनशास्त्र, म्हणजे आपलं मेडकेम) सिलॅबस पाहून धसका घेतलायस. तो यादीमुळे बसलेला दिसतोय. पाच युनिटांत मिळून शंभराहून जास्त औषधं आहेत, आणि ती ओळीने पाठ करायला बसलास तर महिन्याभरात सगळ्या रचनांची खिचडी होईल.

यादी नीट बघ. काही नावांवर चांदणी आहे. सिंथेसिस (औषध बनवण्याच्या पायऱ्या) फक्त त्यांचीच विचारतात, आणि ती वीसेकच आहेत. बाकीच्यांचं वर्गीकरण, औषध काम कसं करतं ते, एसएआर (रचना बदलली की परिणाम कसा बदलतो ते) आणि उपयोग एवढंच. पेपर ७५ मार्कांचा: २० मार्कांचे छोटे प्रश्न, दहा-दहाचे दोन मोठे, पाच-पाचचे सात. मोठे दोन बहुधा एसएआर आणि सिंथेसिस यांवरच फिरतात. प्रोप्रॅनोलॉलसारखी सिंथेसिस तर दोन पायऱ्यांची आहे: १-नॅफ्थॉलवर एपिक्लोरोहायड्रिन, मग आयसोप्रोपिलअमाइनने एपॉक्साइड उघडायचं. अशा सोप्या आधी उरकून टाक. आणि फार्माकॉलॉजी-१ याच सेममध्ये आहे, तिथला स्वायत्त मज्जासंस्थेचा भाग मेडकेमच्या दुसऱ्या-तिसऱ्या युनिटसोबतच वाच. वेगळा वाचलास तर तेच काम दोनदा करशील.

रचना लक्षात ठेवायची तर एकेकटी धरू नकोस, कुटुंबाने धर. नॉरअॅड्रेनलिन काढ. नायट्रोजनवर मेथिल लावलं की अॅड्रेनलिन, आयसोप्रोपिल लावलं की आयसोप्रेनलिन. नायट्रोजनवरचा गट जसा जाड होतो तसा रेणू अल्फाकडून बीटा रिसेप्टरकडे (रिसेप्टर म्हणजे पेशीवर औषध जिथे जाऊन बसतं ती जागा) झुकतो. टर्शरी ब्यूटिल लावलं की बीटा-२ कडे ओढा वाढतो आणि असे रेणू तोडणाऱ्या एमएओ एन्झाइमलाही तिथे हात घालणं जड जातं. आता रिंगकडे बघ: शेजारीशेजारी दोन ओएच असले की सीओएमटी हे दुसरं एन्झाइम त्यातल्या एकावर मेथिल चढवून औषध निकामी करतं. म्हणून एका ओएचच्या जागी सीएच२ओएच बसवलं, आणि झालं सालब्यूटामॉल. चार रेणू, एक सांगाडा, बदलाच्या दोन जागा. फिनोथायझिनचंही असंच. सल्फर ५ नंबरला, नायट्रोजन १० नंबरला, क्लोरप्रोमॅझिनचं क्लोरिन २ नंबरला. नायट्रोजनपासून पुढच्या नायट्रोजनपर्यंत तीन कार्बन असले तर मनोविकारावरचं औषध, दोन असले तर प्रोमेथॅझिनसारखं अॅलर्जीवरचं. बाजूच्या साखळीतले कार्बन मोजायची सवय लाव, व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात.

आता खरं सांगायचं ते. पहिल्या युनिटमधला आयनायझेशन (रेणूवर विद्युतभार येणं) आणि पीकेएचा (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनाइज झालेले असतात तो आकडा) भाग मुलं दोन मार्कांचा समजून सोडतात. पण या विषयाची किल्ली तिथेच आहे. चौथ्या युनिटमधलं बार्बिट्युरेट (झोप आणणाऱ्या औषधांचं कुटुंब) घे. बार्बिट्युरिक अॅसिडने झोप येत नाही. का? त्याचा पीकेए ४ च्या आसपास, रक्ताचा पीएच ७.४. आम्लाच्या बाबतीत पीएच पीकेएच्या वर एक अंकाने गेला की न-आयनाइज झालेल्या एका रेणूमागे दहा आयनाइज झालेले. इथे फरक ३.४ चा, म्हणजे अडीच हजारांत जेमतेम एक रेणू बिनभाराचा. मेंदूचा पडदा ओलांडणार कोण? पाचव्या कार्बनवरचे दोन्ही हायड्रोजन काढून इथिल आणि फिनिल लावले की पीकेए ७.४ पर्यंत चढतो, निम्मे रेणू बिनभाराचे राहतात, आणि फिनोबार्बिटल काम करतं. “पाचव्या जागी दोन गट हवेत” हे वाक्य पुस्तकात नुसतं नियम म्हणून दिलेलं असतं, त्यामागे हे गणित आहे. फिनोबार्बिटलची विषबाधा झाल्यावर शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देऊन लघवी अल्कली का करतात, त्याचंही उत्तर यातच आहे.

तुमच्या प्रॅक्टिकलच्या यादीत फेनिटॉइन (फिट्सवरचं औषध) आहे, ते मन लावून कर, कारण तिथे पीकेए डोळ्यांनी दिसतो. आधी बेन्झिल, म्हणजे ज्यापासून ते बनवायचं तो कच्चा माल, तपास. ते बेन्झॉइनला तीव्र नायट्रिक अॅसिडने ऑक्सिडाइज करून बनवतात (हे फ्यूम हूडमध्येच करायचं, तपकिरी धूर नाकात जाता कामा नये). बेन्झिल पिवळं असतं आणि ९५ अंशांच्या आसपास वितळतं. रेंज पसरट आली तर समज बेन्झॉइन शिल्लक आहे. खात्री करायची तर चिमटीभराहूनही कमी बेन्झिल अर्ध्या मिली अल्कोहोलमध्ये विरघळवून १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाक. थोड्या वेळात जांभळा रंग आला तर बेन्झॉइन आहे.

मग आरबी (गोल बुडाच्या) फ्लास्कमध्ये ५.३ ग्रॅम बेन्झिल, ३ ग्रॅम युरिया, ७५ मिली अल्कोहोल आणि ३० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचं १५ मिली द्रावण. पॉर्सेलिनचे तुकडे आधी टाकायचे, उकळी सुरू झाल्यावर नाही. ग्राउंड जॉइंटला ग्रीस लावायला विसरू नकोस, अल्कलीने काच एकमेकींत अशी रुतते की नंतर कंडेन्सर फोडूनच काढावा लागतो. दोन तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ कंडेन्सरमध्ये गार होऊन परत फ्लास्कमध्ये पडत राहील असं उकळणं. घाई करून एक तासात उरकलं तर बेन्झिल तसंच राहतं आणि शेवटचा माल पिवळट दिसतो. आत काय चाललंय तेही समजून घे: युरिया बेन्झिलला चिकटतो आणि एक फिनिल शेजारच्या कार्बनवर उडी मारतो. रचना काढताना मुलं दोन्ही फिनिल वेगवेगळ्या कार्बनवर ठेवतात. फेनिटॉइनमध्ये ते एकाच कार्बनवर आहेत, आणि हे त्या उडीमुळेच.

गार करून सगळं १२५ मिली पाण्यात ओत, ढवळ, पंधरा मिनिटं ठेव. तळाशी पांढरा साका दिसेल. इथेच दरवर्षी बरेच जण तो फेनिटॉइन समजून गाळून घेतात आणि गाळलेलं पाणी सिंकमध्ये ओततात! साका म्हणजे एका बेन्झिलला युरियाचे दोन रेणू चिकटून बनलेला उपपदार्थ. फेनिटॉइन अजून पाण्यातच आहे, सोडियम सॉल्टच्या रूपात. कारण त्याच्यातला एक एन-एच दोन कार्बोनिलच्या मध्ये सापडलेला आहे, त्याचा पीकेए ८.३ च्या आसपास, म्हणून तो अल्कलीत हायड्रोजन सोडून विरघळतो. उपपदार्थातल्या प्रत्येक एन-एचला एकच कार्बोनिल शेजारी आहे, तो अल्कलीला दाद देत नाही. म्हणून साका टाकायचा आणि गाळलेलं पाणी जपायचं. त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक अॅसिड थेंबाथेंबाने, ढवळत, लिटमस लाल होईपर्यंत. पांढरं दूध दिसायला लागलं की हात आखडू नकोस. तिथेच थांबलास तर अर्धा माल द्रावणातच राहतो. बर्फात ठेव, बुखनरवर (सक्शनच्या फनेलवर) गाळ, गार पाण्याने धू. धुतलेल्या पाण्याच्या थेंबात सिल्व्हर नायट्रेट टाकून पांढरं येणं थांबेपर्यंत धूत राहा, नाहीतर मीठ सोबत येतं आणि यील्ड फुगतं. अल्कोहोलमधून रिक्रिस्टलाइज कर.

थिअरीप्रमाणे ६.३६ ग्रॅम व्हायला हवं. २.८ ग्रॅम मिळालं, म्हणजे ४४ टक्के, तर ते चांगलंच समज. कुणी जर्नलमध्ये ९५ टक्के लिहिलं असेल तर एक तर ओव्हनमध्ये वाळवलेलं नाही, नाहीतर उपपदार्थ तोललाय. १०० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळव, त्या तापमानाला त्याला काही होत नाही.

हाच बीकरमधला प्रकार वॉर्डमध्येही घडतो. फेनिटॉइन सोडियमच्या इंजेक्शनचा पीएच १२ च्या आसपास ठेवलेला असतो, सोबत ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि १० टक्के अल्कोहोल, कारण त्याखेरीज ते विरघळलेलं राहतच नाही. ते डेक्स्ट्रोजच्या बाटलीत मिसळलं की पीएच घसरतो आणि नळीत स्फटिक पडतात, तू हायड्रोक्लोरिक अॅसिड टाकल्यावर पडले तसेच. म्हणून ते नॉर्मल सलाईनमधूनच देतात. पुढे फॉस्फेट जोडून फॉसफेनिटॉइन काढलं ते याच कटकटीवर उपाय म्हणून. शरीरात फॉस्फेट तुटून पडतं आणि फेनिटॉइन मोकळं होतं. मोठ्या प्रश्नात हे चार ओळींत लिहिलंस तर तपासणारा थांबून वाचेल.

अॅसेमध्ये (नमुन्यात औषध किती आहे ते मोजण्याच्या प्रयोगात) अॅस्पिरिन आलं तर गणित आधी घरी करून जा. १.५ ग्रॅम अॅस्पिरिन, १५ मिली अल्कोहोल, ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिली, दहा मिनिटं मंद उकळी, गार करून उरलेली अल्कली ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिडने मोजायची, इंडिकेटर फिनॉल रेड. शुद्ध नमुना असेल तर ब्युरेट १६.७ मिलीच्या आसपास थांबेल. २५ वर गेली तर वजनात किंवा उकळण्यात घोळ आहे. फॅक्टर (खर्च झालेल्या एक मिली अल्कलीमागे किती अॅस्पिरिन) ४५.०४ मिलिग्रॅम, ९०.०८ नव्हे, कारण एका रेणूमागे दोन अल्कली खर्च होतात: एक कार्बॉक्सिलसाठी, एक एस्टर तोडण्यासाठी. मग बाहेरचे परीक्षक विचारतात, सॅलिसिलेटवर फिनॉलचा ओएच आहे, तो तिसरी अल्कली का खात नाही? पुन्हा पीकेए. त्याचा १३ च्या आसपास आहे, फिनॉल रेडचा रंग बदलतो ७-८ ला, तोवर तो ओएच म्हणूनच असतो. ब्लँक (अॅस्पिरिन न घालता हाच प्रयोग) चुकवू नकोस. उकळताना अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड पिते.

पार्टिशन कोइफिशंटच्या (औषध तेलकट द्रवात आणि पाण्यात कसं वाटलं जातं त्याच्या) प्रॅक्टिकलला एकच सांगतो: सेपरेटिंग फनेल सरबत हलवल्यासारखं हलवू नकोस. इमल्शन झालं की तास वाया. सावकाश उलटं-सुलटं कर, मधूनमधून स्टॉपकॉक उघडून दाब सोड.

रोज सहा-सात रचना कोऱ्या कागदावर काढ, पुस्तक मिटून, आणि प्रत्येकीत आम्लधर्मी किंवा बेसिक जागेभोवती गोल करून शेजारी पीकेए लिही. मोबाइलवर बघून हात वळत नाही.

फेनिटॉइनच्या दिवशी आणखी एक. त्याचा मेल्टिंग पॉइंट २९७ अंश. लिक्विड पॅराफिन त्याच्या कितीतरी आधी धुरायला लागतं, आणि २५० अंशांपर्यंतचा थर्मामीटर लावलास तर फुटून पारा सांडेल. इलेक्ट्रिक मेल्टिंग पॉइंट अॅपरेटस आणि ३६० चा थर्मामीटर लॅब असिस्टंटकडे सकाळीच मागून ठेव, दुपारी मिळत नाही.

तुझा,
नंदू