लिस्बनला निघण्याआधी

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं लिस्बनचं तिकीट आल्याचं बाबांनी सांगितलं. मेतकूट आणि थालिपिठाच्या भाजणीचे किती पुडे नेऊ, असं तू विचारलं होतंस. हवे तेवढे ने, पण पहिले आठ दिवस उघडू नकोस. मागच्या जूनमध्ये आम्ही दोघं तिथे होतो, म्हणून सांगते.

पहिल्याच सकाळी एका गल्लीत माझे पाय थबकले ते वासाने. मालवणच्या घरी आजी पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी ज्या खोलीत ठेवायची, अगदी त्या खोलीचा वास! दुकानात मिठाने पांढरे पडलेले, फळीसारखे कडक मासे रचून ठेवलेले. बाकाल्याव, म्हणजे खारवलेला कॉड. हा मासा त्यांच्या समुद्रात मिळतच नाही, नॉर्वे-आइसलँडकडून येतो. लांबून टिकवून आणायचा म्हणून खारवला, आणि आता दारात ताजी मासळी असूनही जीव या खाऱ्या माशातच. नाताळच्या आदल्या रात्रीही तोच, बटाटा-कोबीबरोबर उकडून, वर ऑलिव्हचं तेल. आजी खारा बांगडा भिजत घालायची तसे तेही तो दिवस-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात. तू 'बाकाल्याव आ ब्राश' माग. माशाचे धागे, कांदा, काडीसारखा तळलेला बटाटा, सगळं अंड्यात मऊसर परतलेलं, वर काळी ऑलिव्ह. माझं अर्धं ताट बाबांनीच संपवलं.

बसल्या बसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येईल. खाल्लंस तर बिलात लागतं. आम्हाला ठाऊक नव्हतं. नको असेल तर आधीच परत दे. पैसे देण्याला ते 'पगार' म्हणतात. आपला पगार तिथूनच आला, तसा पावही.

१२ जूनच्या रात्री, संत अँथनीच्या सणाला, आल्फामा या जुन्या वस्तीतल्या चढावरच्या गल्ल्यांत कोळशावर सार्दिन भाजतात. आपल्या तारलीची ती बहीणच. पावाच्या जाड तुकड्यावर मासा ठेवून देतात, त्याचं तेल पावात मुरतं. तो पाव शेवटी खा, टाकू नकोस.

लिस्बनच्याच बेलें भागात १८३७ पासून चालत आलेल्या दुकानात पाश्तेल, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डने भरलेली खुसखुशीत वाटी, गरम असतानाच खा, वर दालचिनी भुरभुरून. शेजारच्या मठात वास्को द गामाची कबर आहे, तीही बघून ये.

एका संध्याकाळी मात्र फादू, म्हणजे तिथली हुरहुर लावणारी गाणी, ऐकायला जा. मोठ्या हॉटेलात नको, वस्तीतल्या लहानशा खानावळीत. आम्हाला सूप वाढणाऱ्या बाईंनीच ॲप्रन सोडलं, दिवे मंद झाले आणि त्या उभ्या राहिल्या. बारा तारांची गिटार लागली तशी सगळ्यांनी काटे-चमचे खाली ठेवले. गाणं चालू असताना तिथे कुणी घास घेत नाही. तूही घेऊ नकोस, कुजबुजूसुद्धा नकोस. सूप गार झालं तरी चालेल. मला शब्द एकही कळला नाही, तरी शेजारच्या आजोबांबरोबर मीही डोळे पुसले.

एक राहिलंच. तिथल्या कॅफेत काचेमागे 'शामुसा' दिसेल. गोव्याहून आणि मोझांबिकमार्गे गेलेल्या आपल्या लोकांचा समोसा तो. आमचा खायचा राहून गेला. तू खा, आणि आत मिरची किती आहे ते मला फोन करून सांग.

तुझी,
आई