पायडल बोटीत बसायच्या आधी वारा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पुरवणीत कुठे फिरायला जावं यावर भरपूर छापून येतं, पण पायडल बोटीत बसताना काय बघावं हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हे पत्र. मागच्या महिन्यात आम्ही सहा मित्रमैत्रिणी दिवसभर पायडल बोटिंगला गेलो होतो, चार सीटच्या दोन बोटी घेतल्या, पुढे दोघं पायडल मारणार आणि मागे एक जण आरामात. दिवस फार छान गेला, हे आधी सांगते. इंजिनाची घरघर नाही, डिझेलचा वास नाही, चाकाचं पाणी कापल्याचा छपछप आवाज आणि आमच्या गप्पा, दोन बोटींमधून एकमेकांशी नॉर्मल आवाजात बोलता येत होतं. कितीतरी वर्षांनी सगळे इतका वेळ मोबाईल न बघता एकत्र बसलो असू.

जाताना बोट इतकी हलकी चालत होती की आम्हाला वाटलं आपल्या पायातच दम आहे. खरं म्हणजे वारा पाठीमागून होता, आणि वारा पाठीवर असला की तो जाणवतच नाही! परत फिरलो आणि तोंडावर वारा आला. उन्हासाठी वर लावलेलं कापडी छत शिडासारखं फुगलं आणि बोट मागे ढकलायला लागलं. किनाऱ्यावरचं एक वाकडं झाड मी नजरेत धरलं होतं, पाच मिनिटं जीव तोडून पायडल मारलं तरी ते झाड जागचं हलेना, मागे चाकाशी नुसता पांढरा फेस.

असं का होतं ते मी घरी येऊन नीट वाचलं. पाण्यात स्पीड दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो आणि ताकद आठपट लागते, त्यात या बोटी आखूड आणि रुंद, म्हणजे एका मर्यादेनंतर जोर लावून फक्त दमणूक होते. १९९१ साली अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी बनवलेली डेकाव्हिटेटर नावाची बोट एका माणसाच्या पायडलवर १८.५ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ३४ किलोमीटर गेली होती, पण ती पाण्याखालच्या पंखांवर वर उचलली जायची म्हणून. आपल्या बोटीचं पोट पूर्ण पाण्यात असतं, तिथे जोर लावण्यापेक्षा लय महत्त्वाची.

हे माहीत नसल्यामुळे आमचं काय झालं, तर पुढे बसलेल्या मैत्रिणीच्या पोटऱ्यांत गोळे आले, ती म्हणाली जागा बदलू, आणि दोघी एकदम उभ्या राहिल्या. बोट एका बाजूला अशी कलली की पायाशी पाणी आलं. मी ओरडले, "खाली बस आधी!" त्याच वेळी माझं लक्ष तिच्या लाईफ जॅकेटकडे गेलं, बकल तुटलेलं आणि पट्ट्याची नुसती गाठ मारलेली, आणि तिला पोहता येत नाही. पाण्यात पडलं की असं ढिलं जॅकेट वर सरकून तोंडावर येतं, माणसाला वर धरून ठेवत नाही. बोट देताना आम्हाला एवढंच सांगितलं होतं की वेळेत परत या.

नंतर दुसऱ्या बोटीतल्या मित्राने सुचवलं की सरळ वाऱ्यात घुसू नका, तिरकं जाऊन काठाच्या आडोशाला लागा, झाडांमुळे तिथे वारा कमी असतो. सगळ्यात आधी आम्ही छत गुंडाळलं आणि एक-दोन मोजत सावकाश पायडल मारलं. अजून एक गोष्ट तेव्हाच कळली, पायडल थांबवलं की हँडल कितीही फिरवा बोट वळत नाही, कारण मागच्या सुकाणूवरून पाणी वाहिल्याशिवाय ते काही करूच शकत नाही. घाबरून पायडल सोडून हँडल फिरवत बसणारे आम्ही एकटे नसणार.

माझी बोटी चालवणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की माणसं बसवताना एक मिनिट काढून तीनच गोष्टी सांगा: वारा कुठून आहे, उभं राहायचं नाही, आणि आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे दमल्यावर वाराच परत आणेल. धक्क्यावर काठीला एक कापडाची पट्टी बांधली तरी वारा सगळ्यांना दिसेल. आणि तुटक्या बकलची जॅकेट कृपा करून बाजूला काढा. आपण वाचकांनीही बकल कटकन लागल्याशिवाय आणि जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघितल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नये, लहान मुलांच्या बाबतीत तर नाहीच.

आम्हाला परत यायला जायच्या तिप्पट वेळ लागला, धक्क्यावर उतरलो तेव्हा सगळ्यांचे पाय थरथरत होते. ती मैत्रीण पोहण्याच्या क्लासला जायला लागली आहे, आणि तिचा क्लास संपला की आम्ही सहाही जण परत जाणार आहोत.

आपली,
एक नियमित वाचक